मरीनातला गाळ, बिल कोणाचं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेलापूरच्या मरीनाबद्दल, म्हणजे खासगी बोटी उभ्या करायच्या छोट्या बंदराबद्दल, सहज एक ओळ लिहिली होती की बांधणं एकवेळ जमेल पण ती खोल ठेवायचा खर्च कोण करणार. त्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर गाळातच गेलंय. निवडक प्रश्न घेतलेत.

एकदा नीट खोल खणलं की विषय संपला ना? दरवर्षी गाळ काढायचा म्हणजे ठेकेदाराची सोय, दुसरं काय? (सीवूड्स)

ठेकेदाराची सोय होते हे खरंय, पण गाळ काही तो आणून टाकत नाही हो. आपल्या खाडीचं पाणी मुळातच गढूळ, दिवसातून दोनदा भरती, उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं आणि त्याच्याबरोबर बारीक चिखल आत-बाहेर करत राहतो. वाहत्या पाण्यात तो तरंगतो, पण मरीना म्हणजे मुद्दाम भिंत घालून शांत केलेलं पाणी, लाटा नकोत म्हणूनच तर ती बांधतात, आणि पाणी शांत झालं की सोसायटीच्या टाकीत होतं तेच होतं, सगळं तळाला बसतं. ओहोटीच्या पाण्यात ते परत उचलून न्यायचा जोर नसतो. त्यात आजूबाजूच्या तळापेक्षा तुम्ही जितकं खोल खणाल तितका तो खड्डा जास्त चिखल ओढून घेतो. वर पावसाळ्यात डोंगरावरून, बांधकामांवरून येणारी माती आहेच, आणि भराव टाकून खाडी अरुंद केलीय, पुलांचे खांब उभे केलेत, ते वेगळंच.

म्हणून या धंद्यात दोन वेगळे खर्च धरतात. पहिल्यांदा खोल करायचा तो कॅपिटल ड्रेजिंग, आणि ती खोली टिकवायचा तो मेन्टेनन्स ड्रेजिंग. उद्घाटनाच्या भाषणात पहिला आकडा असतो, दुसरा कधीच नसतो. १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूरची वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा जेटीचे ८.३७ कोटी, अर्धे केंद्राचे अर्धे राज्याचे, हे सगळ्या पेपरात आलं होतं. तेव्हा खाली चिखल किती साठणार हे कोणी विचारलं होतं का?

नुसतं समजायला एक हिशोब मांडू. मरीनाचा पॉकेट, म्हणजे बोटी उभ्या राहायची आतली जागा, १०० मीटर लांब, ८० मीटर रुंद धरा, वर्षाला अर्धा मीटर गाळ बसला तर ४००० घनमीटर झाला, १० घनमीटरचा डंपर धरला तर ४०० फेऱ्या, आणि ओला चिखल उपसला की फुगतो म्हणून प्रत्यक्षात जास्तच. मशीन आणायचा-न्यायचा खर्च तर गाळ कितीही असो ठोकच लागतो, त्यामुळे छोट्या बंदराला घनमीटरमागे भाव महाग पडतो. जेएनपीएच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, चॅनलला चालतं तसलं मोठं ड्रेजर, म्हणजे गाळ उपसायचं जहाज, इथे शिरणारच नाही, इथे पॉन्टूनवर, म्हणजे तरंगत्या तराफ्यावर, पोकलेन ठेवूनच काम करावं लागणार.

कळवा-मुंब्र्याला रेतीवाले सरकारला पैसे भरून उपसा करायचे. मग गाळ काढायला आपण उलट पैसे का द्यायचे? त्यांनाच फुकट नेऊ द्या. (कळवा)

डोकं चांगलं चाललंय, पण रेती आणि गाळ एक नाही. पाण्याला जोर असतो तिथे जाड रेती राहते, ती बांधकामाला लागते म्हणून तिची रॉयल्टी मिळते आणि म्हणूनच तिची चोरीही होते. मरीनात बसतो तो चिकण चिखल, हातात घेतला की लोण्यासारखा, वाळला की भेगा पडून दगड. त्याने प्लास्टर होत नाही की स्लॅब होत नाही. फुकट दिला तरी कोणी नेणार नाही. आणि समजा रेतीच्या लोभाने सक्शन पंप लावून दिला परवाना, तर तो रेती असेल तिथेच खणणार, तुमच्या मरीनात कशाला येईल?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणातला गाळ शेतकरी आनंदाने नेतात. तसं इथे करता येईल का? (पनवेल)

नाही. धरणाचा गाळ गोड्या पाण्यातला, हा खारा, शेतात टाकलात तर जमीन वाया. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी इतकी वर्षं याच खाडीत उतरलंय, त्या चिखलात काय काय आहे हे लॅबमध्ये तपासल्याशिवाय तो कुठेही टाकणं चुकीचं. कडेच्या तिवरांत ढकलून द्यायची सोयसुद्धा नाही, सप्टेंबर २०१८ च्या हायकोर्टाच्या निकालाने तो रस्ता बंद झालाय, आणि झाला ते बरंच झालं. मग उरतं काय तर बार्जमध्ये भरून समुद्रात ठरवून दिलेल्या जागी नेणं किंवा जमिनीवर बंदिस्त जागा करणं. खरे पैसे इथे जातात, काढण्यापेक्षा टाकायला. जागा जितकी लांब तितकं बिल मोठं.

आणि चालढकल केली तर अजून महाग, कारण गाळ वर आला की त्यात तिवरं रुजतात आणि मग हात लावायला कोर्टाची परवानगी. नवी मुंबईच्या धारण तलावांचं नेमकं हेच झालंय. सिडकोने ते केले होते भरतीच्या वेळी शहरात पाणी शिरू नये म्हणून, वेळेवर गाळ काढला नाही, आता आत तिवरांचं जंगल आणि महापालिका परवानग्यांच्या मागे.

आमची जेटी गाळाने भरली, सुकतीला होड्या चिखलात बसतात, भरतीची वाट बघत मासळी घेऊन खोळंबायचं. आम्ही अर्ज केले तेव्हा निधी नव्हता. आता यॉटवाल्यांसाठी निघेल का? (दिवाळे कोळीवाडा)

दादा, तुमचा राग अगदी बरोबर आहे. माझं मत विचाराल तर एक रेघ मारायला हवी. खाडीतला मोठा रस्ता, म्हणजे चॅनल, तो सगळ्यांचा, तुमच्या होड्या, फेरीबोट, उद्या कोणाला वाचवायला पोलिसांची बोट धावेल ती, सगळ्यांना लागतो, त्यावर सरकारने खर्च करावा आणि त्यात तुमच्या जेटीपर्यंतचा फाटा पहिला धरावा. पण मरीनाच्या आतला पॉकेट, जिथे भाडं भरून खासगी बोटी उभ्या राहतात, तिथला गाळ त्या भाड्यातूनच निघाला पाहिजे. वरच्या हिशोबातल्या पॉकेटमध्ये ४० बोटी धरल्या तर एका बोटीमागे वर्षाला १० डंपर चिखल आला. ज्याची यॉट आहे त्याने स्वतःचे १० डंपर उचलावेत की, टॅक्स भरणाऱ्याने का?

लोक म्हणतात पर्यटन वाढेल, रोजगार येईल. येईलही थोडा. पण नेरूळची जेटी आठवा, शंभर कोटींच्या वर खर्च आणि बांधून झाल्यावर कितीतरी काळ तिथे बोटच नव्हती. त्यामुळे ऑपरेटरच्या करारातच लिहून घ्यावं की एवढी खोली तू राखायचीस, आणि गाळाचा फंड पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. पाच वर्षांनी ऑपरेटर नुकसान दाखवून निघून गेला की चिखल राज्याची छोटी बंदरं बघणाऱ्या मेरीटाइम बोर्डाच्या, म्हणजे फिरून आपल्याच गळ्यात येतो.

पाण्याखालचं काम, खरंच तेवढा गाळ काढला का हे कसं कळणार? (घणसोली)

मिठी नदीच्या गाळात ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला, त्यानंतर हा प्रश्न पडणारच. डंपरच्या फेऱ्या मोजून बिल देत असतील तर विश्वास ठेवू नका, डंपरमध्ये अर्धं पाणीच असतं, आणि तोच डंपर दोनदा लिहिला तरी कोण बघतंय. सरळ पद्धत एकच, कामाआधी आणि कामानंतर तळाचा सर्व्हे करायचा, दोन्हींतल्या फरकावर पैसे द्यायचे.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मागायचं काय तर दोन्ही सर्व्हेंचे नकाशे, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मोजमापं लिहायची वही), आणि गाळ जिथे टाकला त्या जागेची परवानगी. कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि नमुने घ्यायचा हक्कही त्याच कायद्यात आहे, फारसं कोणी वापरत नाही. नकाशे हातात आले की आधी तारखा बघा. पहिला सर्व्हे दोन वर्षांपूर्वीचा आणि दुसरा काम झाल्यावरचा असेल तर तो फरक काही उपयोगाचा नाही, मधे किती गाळ आला-गेला कोणाला ठाऊक. आणि दोन्ही नकाशांत खोली एकाच पातळीपासून मोजलीय का ते खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेही वाचा. तिथे एक फूट इकडेतिकडे झाला तर वरच्या हिशोबातल्या पॉकेटमध्ये जवळपास २४० डंपर कागदावरच निघून जातात.