खाजकुइरीपासून जपून राहा

दिवाळीनंतर पहिल्यांदाच सह्याद्रीत निघतो आहेस, तर आधी खाजकुइरी ओळखायला शीक. झुडपांवर चढलेली वेल, पानं तीन-तीनची, वाकड्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल. ती मखमल म्हणजेच कुसं! शेंग वाळली की ती वाऱ्यानेही उडतात, म्हणून अशा वेलीखाली डबा उघडून बसू नकोस. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालच. लागलीच तर कितीही खाज सुटली तरी चोळू नकोस. चिकटपट्टी लावून कुसं ओढून काढ, मग भरपूर पाण्याने धू. माझ्या सॅकमध्ये चिकटपट्टी कायम असते.

पावसाळ्यात कळलावी दिसेल: लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पानाचं टोक वेटोळं. फोटो जरूर काढ, पण कंद उकरू नकोस, तो जिवावर बेततो. काळ्या ठिपक्याची लाल गुंजही तोंडात घालू नकोस.