‘सेफ’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ कोणते आणि तो कसा वापरायचा?

मूळ अर्थ ‘सुरक्षित’, पण सगळीकडे तोच चिकटवला की मराठी ओढूनताणून केल्यासारखी वाटते. माणूस ‘सेफ’ पोहोचला तर आपण ‘सुखरूप पोहोचला’ म्हणतो. औषध ‘सेफ’ असेल तर ते निर्धोक. ‘सेफ साइड’ला राहणं म्हणजे खबरदारी घेणं. नाम म्हणून वापरला तर सरळ तिजोरी. अनेकवचन ‘सेफ्स’, ‘नाइफ’चं ‘नाइव्ह्ज’ होतं तसं इथे होत नाही. पुढे ‘फ्रॉम’ आलं तर कशापासून सुरक्षित, ‘फॉर’ आलं तर कोणासाठी.

आणि हो, ‘नंबर सेफ केला’ हे सर्रास ऐकू येतं (मीही म्हणायचो!), तिथे ‘सेव्ह’ हवं. सेफ विशेषण, सेव्ह क्रियापद. मूळ मात्र दोघांचं एकच, लॅटिन ‘साल्वुस’.