कृष्णविवर की म्युऑन?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. उन्हाळ्यातील ८ आठवड्यांसाठी कृष्णविवरांवरील सैद्धांतिक प्रकल्प घ्यावा, की प्रयोगशाळेत म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) मोजण्याचा?

उत्तर : माझा कौल म्युऑनला आहे. कृष्णविवरांची ओढ मी समजू शकतो. परंतु त्यासाठी लागणारी सामान्य सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकण्यातच आठही आठवडे सरतील. याउलट समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला सुमारे १ म्युऑन येतो, म्हणजे कण टिपणाऱ्या तळहाताएवढ्या उपकरणातही (शोधकातही) तासाभरात हजारो नोंदी जमतात, आणि त्यांतली खरी कोणती व उपकरणाचा गोंगाट कोणता हे ठरवताना मापनातील अनिश्चितता प्रथमच प्रत्यक्ष अनुभवाला येते. मात्र होकार देण्यापूर्वी मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा स्वतः भेटतील, हे अवश्य विचारा. ते बहुतेक काळ परगावी असतील, तर दुसरा प्रकल्प शोधा.