जाम झालेली फोकस रिंग

प्रश्न : जुन्या आगफा इझोलेट या घडीच्या फिल्म कॅमेऱ्याची फोकस रिंग जड फिरते, फोटोही धूसर येतात. का?

उत्तर : आगफाचे हिरवे ग्रीस वाळून डिंकासारखे घट्ट होते. मग पुढचे भिंग मधल्यालाही सोबत फिरवते. दोघांतले अंतर बदलतच नाही, म्हणून फोकस होत नाही. जोर लावू नका. रिंगच्या कडेचे ३ बारीक स्क्रू सैल करून ती काढा. दोन्ही भिंगांची चिकटलेली जोडी शटरमधून फिरवून काढा, दोघांमधल्या आट्यांत लायटरचे पेट्रोल सोडा, रात्रभर ठेवा. तरी सुटत नसेल तर हेअर ड्रायरने शेकावे, पण पेट्रोल पूर्ण उडाल्यावरच! आटे घासून नखभर नवे ग्रीस लावा, मधले भिंग गच्च आवळा. शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवेपर्यंत) उघडे, भिंगाचे छिद्र पूर्ण मोठे, फिल्मच्या जागी दुधी काच, खरखरीत बाजू भिंगाकडे. दूरचा मनोरा रेखीव दिसेपर्यंत पुढचे भिंग फिरवा. मग रिंग अनंताच्या (∞) खुणेवर बसवून स्क्रू आवळा.