झुकिनी किसताना

झुकिनी वीतभर लांबीची, हाताला घट्ट लागणारी घ्या. साल काढू नका, नुसती धुऊन टोकं उडवा. किसण्याआधी एक काप चाखा. दुधीसारखीच ही क्वचित कडू निघते, तशी निघाली तर सरळ फेका. जून असेल तर मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढा. किसणीची मोठी भोकं वापरा, बारीक किसलीत की लगदाच.

खरी गोम पाण्याची. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. वड्या किंवा कटलेट करायचे तर किसाला मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, मग पंच्यात बांधून चांगला पिळा. पुढे मीठ घालताना हात आखडता ठेवा. थालीपिठाला मात्र पिळायची गरज नाही (मला तर तीच सर्वांत आवडतात), भाजणी त्याच पाण्यात भिजते.