भिंतीत उगवलेला पिंपळ काढून बोन्साय करायचा आहे, मुळं किती छाटावीत?

बडोद्यात दांडिया बाजारातला तुमचा वाडा पाडायला काढलाय आणि भिंतीतला मनगटाएवढा पिंपळ तुम्हाला वाचवायचाय. पिंपळ आहे म्हणून सांगतो, मुळांची फार चिंता करू नका. वड, पिंपळ, उंबर ही चिकाची झाडं. मुळांचे खुंट राहिले तरी कापलेल्या कडेतून नवी मुळं फुटतात. बांधावरची चिंच किंवा बोर असती तर घाई करू नका म्हटलं असतं. तिथे एका पावसाळ्यात अर्ध्या बाजूने चर खणून मुळं तोडायची, चरात रेती आणि शेणखत भरायचं, दुसऱ्या पावसाळ्यात उरलेली बाजू, आणि झाड उचलायचं ते त्यानंतर.

पिंपळाला वेळ महत्त्वाची. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा शक्यतो जूनअखेर पहिला चांगला पाऊस पडल्यावर काढा. ओढू नका, साल सोलून निघते. कडियाला (गवंड्याला) छिन्नीने आजूबाजूच्या विटा सोडवायला सांगा. सांध्यात दबून चपटी झालेली मुळं मिळाली तर जपा, तशी कुंडीत वाढवून मिळत नाहीत. काढल्याबरोबर ओलं गोणपाट गुंडाळा.

आता छाटणी. खाली सरळ जाणारं जाड मूळ बुंध्याजवळ धारदार करवतीने आडवं कापा, बाजूला पसरलेली वीतभर ठेवा, केसांसारखी बारीक मुळं जेवढी असतील तेवढी सगळी राहू द्या. चीक पाण्याने धुवा. वरच्या फांद्याही आखूड करा आणि पानं सगळी काढा, कारण पाणी ओढायला मुळंच नसतील तर पानं झाडाला सुकवतात. (घरात आजी असतील तर पिंपळाला करवत लावायच्या आधी त्यांची समजूत काढा. हे काम छाटणीपेक्षा जड जाईल.)

लगेच उथळ कुंडीत नको. तळाला भोकं पाडलेलं घमेलं चालतं. विटांचा चुरा चाळून बारीक भुकटी टाकून द्या, त्यात जाड रेती आणि थोडं पानांचं खत मिसळा. खोड सुतळीने घमेल्याला घट्ट बांधा. वाऱ्याने हललं की कोवळी मुळं तुटतात. सावलीत ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी सैल घाला. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसले तरी हुरळून जाऊ नका, ते खोडातल्या साठ्यावर येतात. पानं मोठी होऊन टणक होईपर्यंत खत नाही आणि उपटून बघणंही नाही. मुळांची पुढची छाटणी दुसऱ्या पावसाळ्यात, साधारण एक तृतीयांश.

आणखी झाडांसाठी जांबुघोड्याला जावं का, असंही विचारलंत. नको. ते अभयारण्य आहे, तिथून झाड उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. शिवाय गरजही नाही. गच्चीचे कठडे, पाण्याच्या टाक्या, गळक्या पाइपांच्या मागची भिंत बघा. वड-पिंपळ तिथे हमखास असतात, आणि घरमालक ते काढून नेणाऱ्याला चहा पाजून पाठवतात.