मधुमेह असलेल्या वडिलांचे पाय रात्री दुखतात. हे शुगरमुळेच असेल का? पेनकिलर देत राहिलं तर चालेल का?

मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईचं हेच दुखणं मी बरीच वर्षं जवळून बघतेय, त्यातून सांगते.

नुसतं ‘पाय दुखतात’ यावर थांबू नका. कधी दुखतं, कसं दुखतं ते वडिलांना खोदून विचारा. आईच्या दोन्ही तळव्यांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, आणि हे सगळं अंथरुणाला पाठ टेकल्यावर. पायावर चादरसुद्धा नको व्हायची. हे नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं दुखणं, न्यूरोपॅथी. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात. पावलांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मग मोजा चढवावा तसं ते वर सरकतं.

पण चालताना पोटरी भरून येत असेल आणि जरा थांबलं की उतरत असेल, तर रक्तपुरवठ्याची शंका घ्यायला हवी. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून गुणोत्तर काढतात, ते 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा उगाच चांगलाही दिसतो, तेव्हा आकडा बरा आला तरी त्रास असेल तर डॉपलरबद्दल, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणाऱ्या तपासणीबद्दल विचारा.

वडील बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असतील तर व्हिटॅमिन बी-12 तपासून घ्या. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात.

पेनकिलर मात्र मनाने देऊ नका. नसांच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीला बाधतात. यासाठी प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं डॉक्टर देतात.

आता मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते. एक दिवस आई म्हणाली, "आता आग होत नाही गं." आम्हाला हायसं वाटलं. काही दिवसांनी तिच्या चपलेतून आरपार आलेली टाचणी दिसली. तळव्याला रक्त सुकलेलं, आणि ती दिवसभर तशीच चालत होती! डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवला. अंगठ्याखाली टेकवला तेव्हा ती गप्पच राहिली. दुखणं बरं झालं नव्हतं, संवेदनाच गेली होती.

तेव्हापासून रोज रात्री मी टॉर्च घेऊन तिचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते. चपला झटकूनच पायात घालायच्या, अनवाणी फिरायचं नाही, आणि शेकायची पिशवी तर घरातून काढूनच टाकली. वडिलांच्या पायाला जखम दिसली, बोट काळं पडलं किंवा एकच पाऊल अचानक लाल, गरम होऊन सुजलं, तर ते "दुखत नाही रे" म्हणाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.